ग्रहण, चेंडू आणि बारावीचा अभ्यास

आमच्या आजोळी गेलेल्या प्रत्येक डोळ्याची एक गोष्ट आहे. लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे पाठच झाल्यात.

आजोबांचा उजवा डोळा ग्रहणाने गेला. १६ फेब्रुवारी १९८० चं, कर्नाटकातून गेलेलं ते प्रसिद्ध खग्रास सूर्यग्रहण. आजोबांच्या गावातून ते खंडग्रास दिसलं. आजोबा शाळामास्तर, त्यामुळे पोरांना दाखवायचं म्हणून काचेला काजळी धरून स्वतः आधी बघून घेतलं आणि त्या उन्हाळ्यात डोळा गेला. गावाने निकाल दिला, "मास्तर, बघायला नको होतं." पुढे काही वर्षांनी दुसराही गेला, पण तोपर्यंत ग्रहणाची गोष्ट इतकी पक्की झाली होती की दुसऱ्यासाठी वेगळं कारण शोधायची गरजच कुणाला वाटली नाही.

मोठ्या मामाचा डावा डोळा चेंडूने गेला. तेविसाव्या वर्षी, मैदानावर, साध्या टेनिस बॉलने. मामेभावाचा, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या दादाचा, बारावीच्या अभ्यासाने. रात्र-रात्र जागला, कमी उजेडात वाचलं, मार्चमध्ये परीक्षा आणि एप्रिलमध्ये डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन झालं, थोडी नजर वाचली. तेव्हापासून आजोळी कुठलंही पोर पुस्तक घेऊन आडवं झालं की मामी ओरडते, "उठून बस, दादासारखं होईल!"

आणि चौथी गोष्ट दादाच्या मुलीची. तिला इथे चिऊ म्हणू. जुलै २०२० मध्ये जन्मली तेव्हा टाळूला चीर होती आणि हनुवटी एवढीशी. जीभ मागे पडून श्वास अडायचा, म्हणून पहिले काही आठवडे तिला पालथं झोपवावं लागायचं. घरात लगेच हिशोब झाला. २६ डिसेंबर २०१९ ला कंकणाकृती सूर्यग्रहण होतं, वहिनीला तेव्हा तिसरा महिना होता, आणि गुरुवार असल्यामुळे तिने नेहमीप्रमाणे ऑफिसच्या डब्याची भाजी चिरली होती. झालं! पुढची पाच वर्षं वहिनी त्या भाजीची शिक्षा भोगत होती. तोंडावर कुणी फारसं बोलायचं नाही. पण "आम्ही सांगितलं होतं" हे न बोलताही सांगता येतं, आणि आमच्या आजोळचे लोक त्यात तरबेज आहेत.

तर चार घटना, चार कारणं. एकच घर.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे एकच सर्व्हर चार वेळा बंद पडला आणि मी मॅनेजरला चार वेळा चार वेगळी कारणं सांगितली (एकदा लाईट गेली, एकदा कुणाचा तरी पाय वायरला लागला, एकदा लोड जास्त होता...) तर तो मला पाचव्यांदा तोंड उघडू देणार नाही. तो विचारेल की बाबा रे, हे सगळं याच मशीनवर का होतं? आणि मी, जो रोज दुसऱ्यांच्या कोडमध्ये रूट कॉज शोधून पगार घेतो, त्या मला स्वतःच्या आजोळाबद्दल हा प्रश्न सत्तावीस वर्षांत पडला नाही. आमच्याकडे त्यावर एक पेटंट वाक्य होतं: "आमच्याकडे डोळे नाजूकच." त्या 'च'मध्ये सगळी चौकशी संपायची.

प्रश्न पडला तो एका परक्या माणसाला, २०२५ च्या जानेवारीत. दादा वर्षातून एकदा पडदा दाखवायला जातो तसा गेला होता. त्या दिवशी चिऊला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून ती बरोबर. साडेचार वर्षांची पोरगी, नाकावर मायनस नऊचा चष्मा. (चष्मेवाल्याचं निदान: मोबाईल फार बघते. म्हणजे पुन्हा वहिनीच.) नवीन डॉक्टर होत्या. त्यांनी दादाकडे बघण्याआधी चिऊशी गप्पा मारल्या, तिचं थोडं नाकातलं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "हिच्या टाळूचं ऑपरेशन झालंय का?" मग, "तुमच्याकडे कुणाचे गुडघे किंवा खुबे फार लवकर खराब झालेत का?" मग, "कुणाला ऐकायला कमी येतं?" दादा म्हणतो की तिसऱ्या प्रश्नाला त्याच्या अंगावर काटा आला. कारण मोठ्या मामाच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या पन्नाशीच्या आत बदलल्या आहेत, आणि त्याच्याशी फोनवर बोलायचं तर घसा ताणावा लागतो. हे सगळं सगळ्यांना माहीत होतं. पण डोळ्यांची फाईल वेगळी, गुडघ्यांची वेगळी आणि कानाची तर फाईलच नव्हती.

त्या बाईंनी जे नाव घेतलं ते स्टिकलर सिंड्रोम.

घरी येऊन दादाने मला फोन केला, कारण आमच्यात 'इंटरनेटवर बघून सांग' हे खातं माझ्याकडे आहे. पुढचे दोन वीकेंड मी वाचत बसलो. जे समजलं ते जमेल तसं सांगतो.

१९६० मध्ये अमेरिकेत, मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये गुन्नार स्टिकलर या मूळच्या जर्मन बालरोगतज्ज्ञाकडे बारा वर्षांचा एक मुलगा आला. सांधे बिघडलेले, नजर खूप अधू. बरोबर आलेली आई आंधळी. स्टिकलरने फक्त मुलाला तपासून पाठवलं नाही, त्याने घराण्याची चौकशी केली. एकामागून एक तसेच नातेवाईक सापडत गेले आणि १९६५ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी याला सांधे आणि डोळे यांचा आनुवंशिक, वाढत जाणारा विकार म्हणून जगासमोर मांडलं. मला यात सगळ्यात भारी काय वाटलं असेल तर हे की आईचं आंधळेपण आणि मुलाचे सांधे यांचा काही संबंध असेल, असं त्या माणसाला वाटलं.

आता संबंध काय? कोलॅजन. शरीरात याचे बरेच प्रकार आहेत. त्यातला दुसऱ्या प्रकारचा कोलॅजन मुख्यतः दोन जागी लागतो: सांध्यांच्या कूर्चेत, आणि डोळ्याच्या आत भरलेल्या जेलीत, जिला व्हिट्रियस म्हणतात. तो बनवायची कृती बाराव्या गुणसूत्रावरच्या एका जीनमध्ये लिहिलेली असते, त्याचं नाव सीओएल-टू-ए-वन. स्टिकलरच्या बहुतेक घराण्यांत बिघाड इथेच असतो. आणि बिघाडाची तऱ्हा अशी की कृती मध्येच 'समाप्त' म्हणते. म्हणजे फंक्शनच्या अर्ध्यात कुणीतरी चुकून रिटर्न लिहून ठेवावं तसं. पेशी इतकी शहाणी की तो अर्धवट निरोप ती वाचायच्या आधीच फाडून टाकते. म्हणजे बिघडलेल्या प्रतीपासून चुकीचा माल बनत नाही, काहीच बनत नाही. दुसरी, चांगली प्रत आपलं काम करत राहते आणि एकूण कोलॅजन साधारण निम्मा तयार होतो.

ऐकायला विचित्र वाटेल, पण हे त्यातल्या त्यात बरं. कोलॅजन म्हणजे तीन धाग्यांचा पीळ. याच जीनमध्ये अशी चूक झाली की धागा पूर्ण बनतो पण वाकडा, तर तो चांगल्या धाग्यांबरोबर पिळला जाऊन सगळा दोर खराब करतो, आणि त्यातून उंची खुंटणारे, कितीतरी गंभीर हाडांचे आजार होतात. प्रोग्रॅम सरळ क्रॅश झालेला परवडला, गुपचूप चुकीचा डेटा लिहीत राहिलेला नाही. हे आम्ही नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात सांगतो. निसर्गालाही तोच नियम लागू आहे हे वाचून मी एकटाच खोलीत "अरे वा" म्हणालो, आणि मग चिऊ आठवून जरा ओशाळलो.

निम्म्या कोलॅजनवर डोळ्यातली जेली नीट भरत नाही. डोळा लांबट होतो, म्हणून जन्मापासूनच मोठा मायनस नंबर. (शाळकरी मुलांचा चष्मा दरवर्षी वाढत जातो. हा बहुतेक वेळा आधीपासूनच मोठा असतो आणि फारसा वाढत नाही. मोबाईलचा काही संबंध नाही.) जेली आणि पडदा यांचं नातं बिघडलेलं असतं आणि पडद्याला मोठाल्या चिरा पडू शकतात. मुलांमध्ये पडदा सरकण्याची जी आनुवंशिक कारणं आहेत त्यांत स्टिकलर पहिल्या नंबरवर आहे. चेंडू लागून पडदा सरकतो हे खरं, पण मामाचा पडदा आधीपासून टेकलेलाच होता, चेंडूने फक्त दिवस ठरवला. बारावीच्या अभ्यासाने तर तो सरकतच नाही. आणि ग्रहण? सूर्याकडे बघून पडद्याचा मधला भाग भाजतो, पडदा सुटून येत नाही. आजोबांचा पडदा सुटला होता. कागदावर तसं लिहिलंय, मामाच्या ट्रंकेत तो कागद होता. पंचेचाळीस वर्षं.

सांध्यांचं असं की लहानपणी ते जास्तच लवचीक असतात, तिशी-चाळिशीत झिजायला लागतात. चिऊ पायाचा अंगठा तोंडात घालून दाखवायची आणि आम्ही टाळ्या वाजवायचो! टाळूची चीर आणि छोटी हनुवटी हीही यातलीच. पण सगळ्यांना सगळं होत नाही. एकाच घरात एकाचे गुडघे जातात, दुसऱ्याचे कान, तिसऱ्याला फक्त चष्मा. एक प्रकार तर असा आहे की बिघाड जीनच्या अशा तुकड्यात असतो जो डोळ्यात वापरला जातो आणि मोठेपणी कूर्चेत वगळला जातो. त्या माणसाचे सांधे ठणठणीत, चेहरा छान, आणि पडद्याचा धोका मात्र तेवढाच. म्हणजे 'बघून तर काही वाटत नाही' या आपल्या आवडत्या निकषाचा इथे शून्य उपयोग.

आता मुद्द्यावर येतो. मला तीन गोष्टींचा राग आहे.

पहिला राग जरा सौम्य आहे. चिऊला जन्मापासून किती डॉक्टरांनी बघितलं असेल? बालरोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन, कान-नाक-घसावाले, चष्म्याचे डॉक्टर. सगळे आपापल्या कामात चोख. टाळूचं ऑपरेशन इतकं सुंदर झालंय की सांगूनही खरं वाटणार नाही. प्रत्येक मॉड्यूलची टेस्ट पास. पण सगळे मॉड्यूल एकत्र चालवून बघायचं काम कुणाकडेच नव्हतं. टाळूला चीर, छोटी हनुवटी आणि मागे पडणारी जीभ असं त्रिकूट घेऊन जन्मणाऱ्या बाळांमध्ये जे सिंड्रोम सापडतात त्यांत स्टिकलर सगळ्यात जास्त वेळा सापडतो, हे पाठ्यपुस्तकात आहे. मग अशा प्रत्येक बाळाचे डोळे वर्षाच्या आत बाहुली मोठी करून का तपासले जात नाहीत? थेंब टाकून चष्म्याचा नंबर काढायला अर्धा तास लागतो. चिऊचा नंबर साडेतीन वर्षांची असताना समजला, तोही ती टीव्हीला नाक लावून बसायची म्हणून. तोपर्यंत तिला आकाशातलं विमान कधी दिसलंच नव्हतं.

सरकारी यंत्रणेचा उल्लेख करायला हवा, कारण तिथे पाया आधीच घातलेला आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्याच पालघरला. अंगणवाडी आणि शाळेत जाऊन पथकं मुलं तपासतात, तीसेक आजारांची यादी आहे. त्या यादीत दुभंगलेला टाळू आहे, दृष्टिदोष आहे, ऐकू न येणं आहे. सगळं वेगवेगळ्या ओळींत. माझं म्हणणं एवढंच की एका मुलाच्या नावापुढे यातल्या दोन ओळींवर खूण झाली, तर तिसरी आपोआप तपासा आणि घरच्यांना तीन प्रश्न विचारा. नवीन मशीन नको, नवीन बजेट नको. आमच्या भाषेत ही एक इफची ओळ आहे. (हो, सरकारी फॉर्ममध्ये एक ओळ वाढवणं म्हणजे काय असतं याची मला कल्पना आहे. आम्ही एका सरकारी प्रोजेक्टवर होतो. असो.)

"इतक्या दुर्मिळ आजारासाठी कशाला?" असं माझ्या एका मित्राने विचारलं. परदेशी आकड्यांवरून काढलेला अंदाज असा आहे की साधारण साडेसात ते नऊ हजार जन्मांमागे एक. तोच अंदाज पुण्याला लावला तर शहरात काही शे माणसं निघतील. तुमच्या आयटी पार्कच्या कॅन्टीनमध्येही एखादा निघेल. जाड भिंगाचा, बोटं मागे वाकवून दाखवणारा.

दुसरा राग आमच्यावर, म्हणजे घरच्यांवर.

निदान झालं, दादाची जीन टेस्ट झाली (एका बऱ्यापैकी मोबाईलच्या किमतीत होते), बिघाड नेमका कुठे आहे ते सापडलं. एकदा एकाचा सापडला की बाकीच्यांचा शोधणं सोपं आणि स्वस्त. कुठल्या ओळीत बघायचं ते माहीत असतं. आणि हा बिघाड लपूनछपून येत नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. ज्याला मिळाला नाही त्याच्या पुढे तो जात नाही. "एक पिढी सोडून येतं" ही मामीची थिअरी इथे चालत नाही. (सख्ख्या मामाच्या मुलीशी वगैरे लग्नं करणाऱ्या घराण्यांत एक वेगळी, दोन्हीकडून जीन यावा लागणारी जात सापडू शकते, पण ती फारच विरळा.) आजोबांच्या चार मुलांपैकी मोठा मामा आणि मावशी यांच्याकडे आहे. माझी आई आणि धाकटा मामा सुटले. आईची टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणजे मीही सुटलो.

आता खरं म्हणजे मावशीच्या मुलीला त्याच दिवशी फोन जायला हवा होता. माझी मावसबहीण, वय सव्वीस, जाड चष्मा, बाहेर जाताना कॉन्टॅक्ट लेन्स. पण घरात बैठक बसली, आणि ठरलं काय? तर तिचं लग्न ठरेपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. स्थळं येताहेत. एकदा 'घराण्यात दोष आहे' असं नाव झालं की संपलं. फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात टाकायचं नाही.

हे वाक्य ऐकून मी चिडलो, भांडलो, आणि मग रात्री गच्चीवर बसून जरा विचार केला. मला चिडायला काय जातं? माझ्याकडे तो जीन नाही, मी मुलगा आहे, पगार बरा आहे, माझं लग्न यावरून मोडणार नाही. मामीचं भय खोटं नाही. जाड चष्म्याच्या मुलीला काय ऐकावं लागतं ते मावशीने प्रत्यक्ष भोगलंय. तरीही माझं मत बदललं नाही. लग्न ठरायला वर्ष लागेल, पडदा मुहूर्त बघून सरकत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डोळे तिचे होते. बैठकीत सात जण होते, तीच नव्हती.

शेवटी दादाने कुणालाही न विचारता तिला फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी तपासायला गेली. उजव्या डोळ्याच्या पडद्याला कडेला एक छोटी चीर निघाली, दुखत नव्हतं, दिसण्यात फरक नव्हता. लेसर करून तिथेच शिवल्यासारखी बंद केली, पंधरा-वीस मिनिटांचं काम. नंतर ती मला एवढंच म्हणाली, "तुम्ही लोक किती दिवस गप्प बसणार होतात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या स्थळाला तिने पहिल्याच भेटीत सगळं स्वतः सांगितलं. त्यांनी पुन्हा फोन केला नाही. त्याच्या पुढच्या मुलाने विचारलं, "मग तू रात्री गाडी चालवतेस का?" ती म्हणाली, चालवते. सध्या ते दोघं भेटताहेत, पुढचं पुढे.

चिऊचं थोडं सांगतो, कारण यात ठरवणं सोपं नव्हतं. केंब्रिजला स्टिकलरवर खास काम करणारी टीम आहे. त्यांनी २०१४ मध्ये जवळपास पाचशे रुग्णांचा अभ्यास छापला. पडदा सरकायच्या आधीच त्याच्या कडेला गोल फिरून गोठवण्याचा उपचार दोन्ही डोळ्यांना केला, तर न केलेल्यांमध्ये पडदा सरकण्याचा धोका सात पटींहून जास्त निघाला. आकडा जबरदस्त आहे. पण तो अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेला आहे, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले नाहीत. काही डॉक्टर गोठवण्याऐवजी लेसर करतात, काही म्हणतात की नीट लक्ष ठेवलं तरी पुरे. आमच्या डॉक्टरबाईंनी हे सगळं लपवाछपवी न करता दादा-वहिनीसमोर मांडलं आणि म्हणाल्या, "पाच वर्षांची मुलगी येऊन सांगणार नाही की मला प्रकाशाच्या रेघा दिसताहेत, किंवा काळा पडदा खाली येतोय. मोठा माणूस सांगतो. म्हणून मी लहान मुलांत थांबत नाही." मे २०२५ मध्ये सुट्टीत, पूर्ण भूल देऊन, चिऊच्या दोन्ही डोळ्यांना लेसर झालं. धोका संपला असं नाही, कमी झाला. दर सहा महिन्यांनी दाखवायचं. शाळेत बाईंना चिठ्ठी दिलीये: डोक्याला मार लागेल असे खेळ नकोत, पहिल्या बाकावर बसवा, आणि ती कधी म्हणाली की 'एका बाजूचं दिसत नाही' तर तासाच्या आत आम्हाला फोन करा.

हे शेवटचं तुमच्यासाठीही आहे, जीन असो वा नसो. अचानक चमका, अचानक ढीगभर काळे ठिपके किंवा कडेने सावली, तर 'उद्या बघू' करायचं नाही. रविवार असला तरी.

तिसरा राग त्या भाजीचा.

टाळूची चीर वहिनीने चिरलेल्या भाजीने आली नाही. ती आजोबांकडून आली, मोठ्या मामाकडून आली, दादाकडून आली. म्हणजे ज्या घराने वहिनीकडे पाच वर्षं बोट दाखवलं, त्याच घराच्या वंशावळीतून आली. हे मी मुद्दाम इथे लिहितोय, कारण बैठकीत हे कुणी मोठ्याने बोललं नाही. जीनचा रिपोर्ट आल्यावर सगळे आजाराबद्दल बोलले, खर्चाबद्दल बोलले, लग्नाबद्दल बोलले. वहिनी चहा ठेवायला उठली आणि आत बराच वेळ होती. दादा म्हणतो की त्या रात्री ती रडली नाही, नुसती हसत होती. "मी पाच वर्षं गरोदर बायकांना जाऊन सांगायचे, ग्रहणात काही कापू नका गं," असं म्हणत होती. तिचाही विश्वास बसला होता! आळ घेणारे पाच वर्षं इतके ठाम असले की आरोपीसुद्धा कबूल होतो.

आणि आता कुणी उलटं करून दादाला दोषी ठरवू नये. कुणी मुद्दाम दिलेलं नाही. जीन म्हणजे आजोबांची ट्रंक. उघडून न बघताच आपण ती पुढच्याकडे देतो.

७ सप्टेंबर २०२५ ला रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. मी त्या वीकेंडला आजोळीच होतो. अकरानंतर चंद्र तांबडा व्हायला लागला तशी मामी स्वतः उठली, झोपलेल्या चिऊला चष्मा घालून कडेवर घेतलं आणि गच्चीवर आली. चंद्राकडे बघायला काच-बीच काही लागत नाही हे मी सांगितलं. "ठाऊक आहे मला," म्हणाली. चिऊने दहा मिनिटं चंद्र बघितला आणि भूक लागली म्हणाली. वहिनी खाली जाऊन सफरचंद कापून घेऊन आली. मामीने त्यातली एक फोड उचलून खाल्ली. तोंडाने मात्र अजून काही बोललेली नाही.

राहिली एक शाखा. आजोबांच्या बहिणीचं लग्न इंदूरला झालं होतं. आजोबांना हे त्यांच्या आई किंवा वडिलांकडून आलं असेल तर तिकडेही असू शकतं. तीस वर्षांत येणं-जाणं नाही. पण आईला एवढं आठवतंय की आत्तेच्या थोरल्या मुलाला लहानपणापासून हाताला धरून न्यावं लागायचं, आणि त्याची गोष्ट अशी की त्याला देवी आल्या होत्या. परवा आईने जुन्या लग्नपत्रिकांच्या पिशवीतून एक नंबर शोधून काढला. उद्या सकाळी अकराला मी आणि दादा फोन करणार आहोत. सुरुवात काय करायची हे अजून ठरत नाहीये. दादा म्हणतो, सरळ विचारू, कुणाच्या वाट्या बदलल्यात का.